खिद्रापूरचं उघडं छत

मंडळी, कोल्हापुरात देवळावर बोलायचं तर सुरुवात अंबाबाईपासून करायचा रिवाज आहे. आज तो मोडतो. इथून साठेक किलोमीटरवर, शिरोळ तालुक्यात कृष्णेकाठी खिद्रापूर आहे. तिथल्या कोपेश्वराचं देऊळ तुम्ही पाहिलंच असेल. मी फक्त त्याच्या स्वर्गमंडपाबद्दल बोलणार आहे.

मला दरवेळी एकच प्रश्न येतो, "सर, छत पडलं की बांधायचं राहिलं?" अठ्ठेचाळीस खांबांचा मंडप आणि मधोमध तेरा फूट आभाळ, शंका येणारच. इतिहासही तिला खतपाणी घालतो. बाराव्या शतकातलं हे शिलाहार राजांच्या काळचं काम. १२१२ च्या सुमारास देवगिरीच्या सिंघण यादवानं पन्हाळ्याच्या शिलाहार राजाला, दुसऱ्या भोजाला, हरवलं आणि इथल्या शिलाहारांचं राज्यच बुडालं. देवळाच्या दक्षिण दाराशी शके ११३६ चा, म्हणजे इसवी सन १२१४ च्या सुमाराचा, सिंघणाचा लेख आहे, देवाला गाव दिल्याचा. म्हणजे दोनेक वर्षांत मालक बदलला. कारागिरांनी छिन्नी-हातोडा गुंडाळला असेल, असं कुणी म्हटलं तर मी भांडणार नाही.

पण एकदा त्या छताखाली उताणं पडून वर बघा. मी पडतो, लोक हसतात. गोलाकार उभ्या बारा खांबांवर दगडांचं एक कडं, त्यावर जरा आत सरकवलेलं दुसरं, मग आणखी एक. जुनी घडीव दगडांची विहीर आठवा. बाजूची माती दगडांना आत रेटते, आणि दगड खांद्याला खांदा लावून एकमेकांना अडवून धरतात. इथं मातीच्या जागी दगडांचं स्वतःचंच वजन आहे, एवढाच फरक. कडं पुरं झालं की मधलं तोंड उघडं राहिलं तरी बिघडत नाही. आणि खाली जमिनीवर, नेमकी त्या तोंडाएवढीच, गोल शिळा बसवलेली आहे. राहून गेलेल्या भोकाच्या मापाची शिळा कोण घडवेल? होमाचा धूर जायला ते तोंड ठेवलं, असंही सांगतात. मला पटत नाही. शिळा सपाट आहे, कुंड कुठाय?

कार्तिकी पौर्णिमेला चंद्र माथ्यावर येतो म्हणून तिथं झुंबड उडते. चंद्र काही खिद्रापूरसाठी वाट वाकडी करत नाही. त्या दिवसांत तो आपल्या अख्ख्या जिल्ह्याच्याच जवळजवळ माथ्यावर असतो, कुठल्या साली थोडा इकडे, कुठल्या साली थोडा तिकडे. बांधणाऱ्यानं त्याला फक्त चौकट दिली.

मला विचाराल तर मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात जा, आपल्याकडे शून्य सावलीचा दिवस असतो तेव्हा, म्हणजे भर दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो तेव्हा. साडेबाराच्या सुमाराला उन्हाचा गोल सरकत सरकत त्या शिळेवर येऊन बसतो. गर्दी अजिबात नसते. फक्त चपला बाहेर काढलेल्या असतात आणि शिळा तव्यासारखी तापलेली असते, तेवढं ध्यानात ठेवा.