बीडीव्ही पास, तेल म्हातारं

या दोन बाटल्या बघा. डावीकडचं ट्रान्सफॉर्मर तेल नवं, जवळजवळ रंगहीन. उजवीकडचं वर्षानुवर्षं चाललेलं, तांबूस तपकिरी. तरीही बीडीव्ही (ब्रेकडाउन व्होल्टेज, म्हणजे किती विद्युतदाबाला तेलातून ठिणगी पडते) चाचणीत दोन्ही पास होऊ शकतात.

कारण ही चाचणी वेगळंच काही मोजते. दोन इलेक्ट्रोडमध्ये अंतर 2.5 मिलिमीटर. विद्युतदाब सेकंदाला 2 किलोव्होल्टनं चढवायचा, ठिणगी पडली की आकडा लिहायचा, दोन मिनिटं थांबायचं. असे सहा आकडे आणि त्यांची सरासरी. पाणी, कागदाचे तंतू, धूळ असेल तर आकडा घसरतो. तेलात विरघळलेलं आम्ल मात्र यातून सहज निसटतं.

आणि म्हातारपण असतं ते त्या आम्लातच. ऑक्सिजन आणि उष्णता तेलाचे रेणू मोडतात, वाइंडिंगचं, म्हणजे आतल्या तारेच्या वेटोळ्यांचं, तांबं त्याला वेग देतं. आधी पेरॉक्साइडं, मग आम्लं, शेवटी गाळ. गाळ वाइंडिंगवर आणि तेलाच्या वाटांमध्ये बसतो, उष्णता बाहेर पडत नाही, तापमान चढतं, ऑक्सिडेशन आणखी वाढतं.

इनहिबिटर, म्हणजे ऑक्सिडेशन रोखणारं रसायन, घातलेलं तेल तर फसवंच. त्यात सुरुवातीला साधारण 0.3 टक्के डीबीपीसी हे इनहिबिटर असतं, आणि ते शिल्लक असेपर्यंत आम्लता जवळपास हलत नाही. ते संपलं की आम्लतेचा आलेख एकदम वर जातो. म्हणून नुसत्या सपाट रेषेवर विसंबू नका, इनहिबिटर किती उरलंय तेही मोजा.

खरा फटका बसतो वाइंडिंगवरच्या कागदाला. आम्ल आणि पाणी मिळून सेल्युलोजच्या साखळ्या तोडतात. नव्या कागदात साखळीची सरासरी लांबी सुमारे 1000 एकक असते. ती 200 वर आली की कागद ठिसूळ होतो आणि शॉर्टसर्किटचा धक्का सोसत नाही. तेल बदलता येतं. वाइंडिंगचा कागद बदलायचा म्हणजे ट्रान्सफॉर्मर उघडायचा. तुटलेल्या साखळ्यांची खूण तेलात फ्युरान नावाच्या संयुगांच्या रूपात सापडते.

पाण्याचा आकडाही जपून वाचा. बहुतेक पाणी कागदात मुरलेलं असतं. लोड वाढून तापमान चढलं की ते तेलात येतं, थंड झालं की परत जातं. नमुना घेताना तेलाचं तापमान लिहिलं नसेल, तर नुसत्या पीपीएमला (दहा लाख भागांत पाण्याचे किती भाग) फारसा अर्थ नाही. नमुना कोरड्या हवेत, खालच्या व्हॉल्व्हमधून घ्यायचा. पाइपात साचलेलं तेल आधी सोडून द्यायचं, मग टाकीतून येणाऱ्या तेलानं बाटली विसळायची. तेलात विरघळलेल्या वायूंच्या विश्लेषणासाठी काचेची सिरिंज, आणि आत एकही बुडबुडा नको.

व्हॅक्यूम फिल्टर मशीन पाणी, वायू आणि तंतू काढतं. बीडीव्ही लगेच उसळतो आणि सगळे खूश होतात. आम्ल मात्र तिथंच राहतं. ते काढायला तेल फुलर्स अर्थमधून, म्हणजे आम्ल शोषणाऱ्या मातीतून, फिरवावं लागतं, आणि नंतर इनहिबिटर पुन्हा मिसळावं लागतं. तरी कागदात मुरलेलं आम्ल हळूहळू या स्वच्छ केलेल्या तेलात उतरतंच. म्हणून काही महिन्यांनी आम्लता पुन्हा तपासा. कामाचा आकडा तोच.