क्षयाची गाठ आणि तिचे राखणदार

मित्रहो, मानेवर उठलेली क्षयाची गाठ काढून तिचा पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला की जे दिसते, तेथूनच मी आज सुरुवात करतो. मधोमध गुलाबी, रवाळ, आकार हरवलेला भाग असतो. तो मेलेल्या पेशींचा लगदा. त्याभोवती लांबट, एकमेकींना बिलगलेल्या पेशींचे कडे असते, आणि त्या कड्यात अधूनमधून एखादी अवाढव्य पेशी दिसते, जिची अनेक केंद्रके कडेकडेने घोड्याच्या नालेसारखी मांडलेली असतात. सर्वांत बाहेर लिम्फोसाइट या पांढऱ्या रक्तपेशींची गर्दी असते. या चित्रात जंतू कुठे आहेत, असे विद्यार्थी हमखास विचारतात. खास रंग देऊनही कित्येकदा एकही सापडत नाही. गाठ म्हणून आपण जे चाचपतो, ते जवळजवळ सगळे आपलेच शरीर असते.

त्या लांबट पेशी आणि ती अवाढव्य पेशी, दोन्ही मूळच्या मॅक्रोफेज, म्हणजे भक्षक पेशी. 24 मार्च 1882 रोजी रॉबर्ट कॉख यांनी बर्लिनमध्ये क्षयाचा जंतू जगापुढे मांडला, आणि त्याच वर्षाच्या अखेरीस सिसिलीतील मेसिना येथे इल्या मेचनिकॉफ यांनी तारामाशाच्या पारदर्शक अळीत काटा खुपसून ठेवला. सकाळी पाहतात तो त्या काट्याभोवती फिरत्या पेशींनी गराडा घातलेला होता. भक्षक पेशींच्या या सिद्धांताबद्दल त्यांना 1908 मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले.

क्षयाच्या जंतूची अडचण अशी, की तो गिळला जातो पण पचत नाही. एरवी गिळलेल्या जंतूभोवतीची पिशवी आम्ल आणि पाचक द्रव्ये बाळगणाऱ्या, लायसोसोम नावाच्या पेशीतल्याच दुसऱ्या पिशवीशी एकरूप होते. हा जंतू नेमके ते मीलन रोखून धरतो आणि राखणदाराच्याच घरात वाढू लागतो. ही कोंडी फोडायला बाहेरून संदेश यावा लागतो. लिम्फोसाइटांपैकी टी पेशी इंटरफेरॉन गॅमा हे संदेशद्रव्य सोडतात, त्याने मॅक्रोफेज चेततात आणि स्वतः टीएनएफ हे दुसरे संदेशद्रव्य सोडून शेजारच्या पेशींनाही उठवतात. क्षयाच्या तपासणीसाठी मँटूची सुई टोचल्यावर 48 ते 72 तासांनी हातावरचा जो टणक उंचवटा आपण पट्टीने मोजतो, तो याच संदेशांमुळे तेथे गोळा झालेल्या पेशींचा असतो.

टीएनएफपाशी थोडे थांबायला हवे. 1975 मध्ये हे नाव पडले ते उंदरांतील कर्कगाठी मारणारा घटक म्हणून. दुसरीकडे काही संशोधक दीर्घ संसर्गात प्राण्यांना खंगवणाऱ्या एका द्रव्याच्या मागावर होते. त्याला त्यांनी कॅकेक्टिन म्हटले होते. ही दोन्ही द्रव्ये एकच आहेत, हे 1985 मध्ये स्पष्ट झाले. संध्याकाळचा ताप, मेलेली भूक, गळत चाललेले अंग, ज्या झिजण्यावरून आपण या रोगाला क्षय म्हणतो, त्यात आपल्याच संदेशद्रव्यांचा मोठा वाटा आहे.

मग ते द्रव्यच अडवले तर? हा प्रयोग वेगळ्या कारणाने माणसांवर होऊन गेला. रुमॅटॉइड संधिवात आणि आतड्यांना सूज आणणारा क्रोन रोग यांत टीएनएफ अडवणारे इन्फ्लिक्सिमॅब हे औषध 1990 च्या दशकाच्या अखेरीस आले आणि सुजलेले सांधे खरोखर निवले. पण 2001 मध्ये हे औषध घेणाऱ्या 70 जणांना क्षय झाल्याची नोंद प्रसिद्ध झाली. त्यांतल्या 48 जणांना तो तीन किंवा त्याहून कमी मात्रांनंतरच उद्भवला होता, आणि निम्म्याहून अधिक जणांत फुफ्फुसाबाहेर पसरला होता. वर्षानुवर्षे गाठीत कोंडलेला जंतू मोकळा सुटला होता. म्हणून आज ही औषधे देण्यापूर्वी सुप्त, म्हणजे लक्षणे न दाखवता अंगात दडलेल्या, क्षयाची तपासणी करतात, आणि आपल्याकडे, जिथे असा सुप्त जंतू असंख्य लोकांच्या अंगात आहे, ती कधीही टाळू नये.

यावरून टीएनएफ जितके जास्त तितके बरे, असे वाटेल. बडोद्यात वैद्यकीय शिक्षण घेतलेल्या ललिता रामकृष्णन यांनी झेब्राफिशच्या पारदर्शक पिल्लांत, क्षयाच्या जंतूचा जवळचा भाऊबंद वापरून, याचे उत्तर शोधले. टीएनएफ कमी पडले तर मॅक्रोफेज जंतूंनी भरून फुटतात. अति झाले तर आधी जंतू मरतात खरे, पण मायटोकॉन्ड्रिया या पेशीतल्या ऊर्जाकेंद्रांत निर्माण होणाऱ्या दाहक ऑक्सिजन रेणूंनी मॅक्रोफेजही मरतात, आणि उरलेले जंतू बाहेर पडून मोकाट वाढतात. दाह आवरण्याचा फायदा माणसांतही दिसला: व्हिएतनाममध्ये मेंदूच्या आवरणाचा क्षय झालेल्या 545 रुग्णांवरील 2004 च्या अभ्यासात, जंतुनाशक औषधांना दाह शमवणाऱ्या डेक्सामेथासोन या स्टेरॉइडची जोड दिल्याने मृत्यू कमी झाले. कवटीत सूज सामावायला जागा नसते.

शेवटी पुन्हा मानेच्या गाठीकडे येतो. उपचार सुरू होऊन काही आठवडे लोटतात, ताप गेलेला असतो, वजन वाढू लागलेले असते, आणि अचानक तीच गाठ फुगते, दुखते किंवा शेजारी नवी उठते. औषध लागू पडत नाही असे समजून काही जण याच वेळी गोळ्या सोडतात. जंतू औषधाला दाद देत नसेल, ही शक्यता तपासलीच पाहिजे. पण पुष्कळदा सुईने काढलेल्या पुवात जिवंत जंतू वाढत नाहीत, मेलेल्या जंतूंच्या अवशेषांवर मॅक्रोफेज तुटून पडलेल्या असतात. अशा वेळी गोळ्या ठरल्या वेळी चालूच ठेवायच्या असतात, आणि सूज फारच असेल तर डॉक्टर काही दिवस स्टेरॉइड देतात.