'ब्लर' म्हणजे नेमकं काय जातं?

नमस्कार मंडळी! हा फोटो बघा. (मोबाइल कॅमेऱ्यासमोर धरतो) आपल्या सोलापूरच्या सिद्धेश्वर यात्रेचा, म्हणजे गड्ड्याच्या वेळचा, नंदीध्वजांच्या उंच काठ्यांची मिरवणूक. मागच्या दुकानाची पाटी अक्षर न् अक्षर वाचता येते. पण काठी पेलणाऱ्याची बाराबंदी, म्हणजे अंगातला बंदांचा पांढरा सदरा? नुसता पांढरा फराटा. पुतण्या म्हणाला, "काका, ब्लर आलाय की."

आता ह्या ब्लरला मराठीत काय म्हणाल? अंधुक? अंधुक म्हणजे उजेड कमी. धूसर म्हणजे मधे धूळ नाहीतर धुकं. पुसट म्हणजे झिजलेलं, जुन्या कागदावरच्या शिक्क्यासारखं. इथं गेल्यात त्या फक्त कडा. बाराबंदी कुठं संपते आणि मागची गर्दी कुठं सुरू होते, कळत नाही. तो ब्लर.

झालं काय, तर संध्याकाळ होती, म्हणून मोबाइलनं शटर जास्त वेळ उघडं ठेवलं. समजा १/१५ सेकंद. तेवढ्यात चालता माणूस चार बोटं पुढं सरकतो, आणि ती चार बोटं फोटोत फासली जातात. पाटी जागची हलली नाही, म्हणून ती वाचली.

गंमत म्हणजे इंग्रजीतही हा शब्द १६व्या शतकात आला तो शाईच्या डागासाठी. ओल्या अक्षरांवरून तळहात फिरला की जे होतं, ते!

बोलताना एक चूक आपण सर्रास करतो: 'फोटो इज ब्लर'. तिथं 'ब्लरी' किंवा 'ब्लर्ड' हवं. उलट 'द वेडिंग वॉज अ ब्लर' हे मात्र बरोबर. म्हणजे लग्नाच्या धांदलीत दिवस कसा गेला, काही आठवत नाही. 'ब्लर द लाइन' म्हणजे दोन गोष्टींमधली सीमारेषा पुसट करणं. इथं आपलं पुसट चपखल बसतं. पुस्तकाच्या मलपृष्ठावरचा 'ब्लर्ब' मात्र ह्या घरातला नाही. तो अमेरिकेत जेलेट बर्जेसनं १९०७ साली गमतीत काढलेला शब्द.

आणि आधार कार्ड पाठवताना नंबर ब्लर करत असाल, तर नका करू. हलक्या ब्लरमागचे आकडे कधी कधी परत काढता येतात. सरळ काळी पट्टी मारा.

अरे हो, मघाच्या पाटीवर दुकानदाराचा मोबाइल नंबर आहे की! पुतण्या, अपलोड करायच्या आधी झाक रे तो.