सोंग आलंच नाही
(नाशिक येथे दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

अध्यक्ष महोदय आणि एवढ्या उकाड्यात इथवर आलेल्या मित्रहो,

पत्रिकेवर माझा विषय छापलाय, 'भयपटांचे पुढचे भाग आणि प्रेक्षक'. त्या सगळ्याकडे येईनच, पण मन अडकलंय ते एका सिनेमात. 'हॅलोविन थ्री : सीझन ऑफ द विच', १९८२. पहिला 'हॅलोविन' कोणी कोणी पाहिलाय, जरा हात वर करा. वा! आता तिसरा? चार हात. त्यातले दोन आमच्याच वाड्यातले आहेत, ते मी मोजत नाही. (हशा)

पहिल्याविषयी तुम्हाला फार सांगायला नको. १९७८, जॉन कार्पेंटर. पांढरा मुखवटा, हातात सुरा, न बोलता चालत येणारा मायकेल मायर्स. तो मुखवटा दुकानातून दोनेक डॉलरला आणलेला, 'स्टार ट्रेक'मधल्या विल्यम शॅटनरच्या चेहऱ्याचा. त्याला पांढरा रंग फासला, डोळ्यांची भोकं मोठी केली. गोष्ट ऑक्टोबरातली आणि चित्रीकरण कॅलिफोर्नियात वसंतात, म्हणून पानगळीची पानं रंगवून पसरली आणि प्रसंग झाला की गोळा करून पुन्हा वापरली. हे वाचलं की मला आपले दादासाहेब फाळके आठवतात. त्यांच्याकडे परत येतो.

१९८१ चा दुसरा भाग पहिल्याच रात्रीची पुढची गोष्ट सांगतो आणि शेवटी मायकेल आगीत जळतो. कार्पेंटर आणि त्याची सहलेखिका-निर्माती डेब्रा हिल यांच्या लेखी तिथे कथा संपली होती. पुढे काढायचा तर याच नावाखाली दर वेळी नवी गोष्ट, असं त्यांचं म्हणणं. म्हणून टॉमी ली वॉलेसने दिग्दर्शित केलेल्या तिसऱ्या भागात मायकेल नाहीच. त्यात मुखवटे विकणारा एक कारखानदार आहे. भोपळा, कवटी आणि चेटकीण असे तीन मुखवटे, आणि टीव्हीवर 'लंडन ब्रिज'च्या चालीवर त्यांची सतत वाजणारी जाहिरात. हॅलोविन म्हणजे ३१ ऑक्टोबर, अमेरिकेतली पोरं सोंगं घेऊन फिरतात तो सण. त्या रात्री देशभरातली पोरं ते मुखवटे चढवून टीव्हीसमोर बसणार आणि मग जे व्हायचं ते होणार.

आता १९८७ चा उन्हाळा. पंचवटीतला आमचा वाडा. परीक्षा संपल्या की एका रात्रीसाठी व्हीसीआर आणायचा, हा नेम. घरटी वर्गणी काढायची, रंगीत टीव्ही, व्हीसीआर आणि तीन कॅसेटी भाड्याने आणायच्या. पहिली कॅसेट पौराणिक, थोरल्यांसाठी. दुसरी हिंदी मारधाडीची. तिसरी इंग्रजी, रात्री दीडच्या पुढे. ती निवडायचा मान त्या वर्षी माझ्याकडे आला होता. आदल्या वर्षी 'हॅलोविन टू' लावलेला आणि तो अख्ख्या वाड्याला आवडलेला. किती आवडला? महिनाभर एकही पोरगं रात्री एकटं संडासला गेलं नाही. संडास मागच्या बोळात होता, त्यामुळे हा निकष मी फार मोठा मानतो. (हशा)

शेजारच्या काकू वाती वळत तीनही सिनेमे बघायच्या. इंग्रजीचं अक्षर येत नव्हतं, पण मायकेल त्यांना पुरता कळला होता. सिनेमा सुरू झाला. दहा मिनिटांनी काकू म्हणाल्या, "तो पांढऱ्या तोंडाचा कधी येतो रे?" म्हटलं, "येईल, काकू." अर्ध्या तासाने पुन्हा, "अजून नाही आला?" मी म्हटलं, "शेवटी येईल." एकदा तो आला. सिनेमातल्या टीव्हीवर पहिल्या 'हॅलोविन'ची जाहिरात लागते, त्यात. काकू वात टाकून पुढे सरकल्या, "हा बघ, आला!" आणि तो गेला. मग शेवट. सिनेमाचा नायक, एक डॉक्टर, फोनवर ओरडतोय, ती जाहिरात बंद करा! एक चॅनेल बंद होतं, दुसरं बंद होतं, तिसरं चालूच. तो ओरडतोय, ओरडतोय, आणि पडदा काळा. वाड्यात चिडीचूप. काकूंनी वातींचा डबा खटकन मिटला आणि म्हणाल्या, "आलाच नाही मेला!"

सकाळी आम्ही पाच जण व्हिडिओवाल्याकडे. म्हटलं, तिसरा म्हणून दिलात, यात तो नाहीच. तो डबा पुढे करून म्हणाला, "यावर तीन लिहिलंय की नाही?" आमच्यातला सगळ्यात लहान पोरगा म्हणाला, "तीन लिहिलंय म्हणूनच तर परत आलोय!" पैसे काही मिळाले नाहीत. पण त्या पोराचं वाक्य मी आज इतकी वर्षं सांभाळून ठेवलंय. या सिनेमाच्या स्वागताविषयी त्याहून खरं मी पुढे कुठे वाचलं नाही.

तिकडे अमेरिकेत तेच झालं होतं. पहिल्या भागाने तिथे सुमारे ४ कोटी ७० लाख डॉलर मिळवले, दुसऱ्याने अडीच कोटी, तिसऱ्याने १ कोटी ४० लाख. पुढे लोक म्हणायला लागले की प्रेक्षकाला नवं काही पेलत नाही, त्याला तेच तेच लागतं. मित्रहो, या वाक्याचा मला राग आहे. प्रेक्षकाला कळत नाही असं म्हणणाऱ्याने आपल्याच जिल्ह्यातला बोहाडा, मुखवट्यांची सोंगं नाचवायचा गावचा उत्सव, बघावा.

पेठकडच्या एका गावी मी पहिल्यांदा बोहाडा पाहिला. रात्रभर संबळाच्या तालावर एकेक सोंग येतं. गणपती, सरस्वती, पुढे देव, राक्षस, आणि शेवटी देवी आणि महिषासुर. मुखवटा चढला की माणूस उरत नाही. ज्या घराण्याकडे ज्या सोंगाचा मान, तिथला बाप नाचला, उद्या पोरगा नाचेल, गाव तितक्याच भक्तीने हात जोडतं. म्हणजे नव्या माणसाची गावाला अडचण नाही. नव्या सोंगाचीही नाही. पण देवीची रात्र म्हणून हाकारा द्यायचा आणि देवी आणायचीच नाही, असं केलंत तर गाव उजाडेपर्यंत उठायचं नाही. त्याला तुम्ही अडाणी म्हणाल?

आता फाळके. १९१७ च्या 'लंकादहन'मध्ये राम पडद्यावर आला की लोक चपला काढून नमस्कार करायचे, असं सांगतात. आणि त्या सिनेमात राम आणि सीता दोन्ही भूमिका अण्णा साळुंके या एकाच माणसाने केल्या होत्या! प्रेक्षकाने ते चालवून घेतलं. कारण दर्शन झालं. मायकेलचंही तसंच. पहिल्या भागात मुखवट्याआड बहुतेक वेळ निक कासल होता, दुसऱ्यात डिक वॉरलॉक. काकूंनी कधी विचारलं नाही की आत कोण आहे.

(इथे अध्यक्षांची चिठ्ठी आली.) पाच मिनिटं? माझा मुख्य मुद्दा तर आत्ता येतोय. असो, धावत सांगतो.

माझं म्हणणं असं की प्रेक्षकाने तिसरा सिनेमा नाकारला नाही, त्यावरचा आकडा नाकारला. आकडा हा हाकारा असतो. नुसतं 'सीझन ऑफ द विच' म्हणून तो आला असता तर काकूंनी 'कधी येतो' विचारलंच नसतं, आणि तो शेवट त्यांना माझ्याइतकाच लागला असता. मी त्या रात्री झोपलो नव्हतो. धडा मात्र निर्मात्यांनी उलटा घेतला. १९८८ च्या चौथ्या भागाचं नावच 'द रिटर्न ऑफ मायकेल मायर्स', नावातच हमी. दर वर्षी नवी गोष्ट ही कल्पना तिथे मेली, आणि याचं मला खरोखर दुःख आहे.

आता 'फ्रायडे द थर्टीन्थ', हॉकीचा मुखवटा घालणाऱ्या जेसन नावाच्या खुन्याची भयपटमालिका. तिचा पाचवा भाग, १९८५. कोणी म्हणेल, तुमचं बोहाड्याचं गणित इथे चुकतं, कारण इथे हॉकीचा मुखवटा येतो आणि तरी लोक चिडतात. का? शेवटी मुखवटा निघतो आणि आत भलताच माणूस दिसतो. भर चौकात सोंगाचा मुखवटा उतरवून 'बघा, हा तर अमका' म्हणायचं नसतं. पहिल्या 'हॅलोविन'मध्येही मुखवटा क्षणभर निघतो, पण मायकेल सगळं सोडून आधी तो परत चढवतो. कार्पेंटरला हे कळलं होतं. 'फ्रायडे'वाल्यांना ते उशिरा कळलं, आणि १९८६ मध्ये त्यांनी खऱ्या जेसनला विजेच्या लोळाने थडग्यातून उठवला.

२०२२ चा 'हॅलोविन एंड्स'. शीर्षकाची अक्षरं मुद्दाम तिसऱ्या भागासारखी निळी, आणि सुरा बराच वेळ एका नव्या पोराकडे. बरोबर ४० वर्षांनी तीच तक्रार, आमचा मायकेल कुठे? पहिल्या आठवड्याची गर्दी दुसऱ्यात ओसरली. इथे हाकारा तर आणखी मोठा होता, शेवटच्या लढतीचा.

आपला 'झपाटलेला २' राहिला. १९९३ नंतर २०१३, मध्ये २० वर्षं, तात्या विंचू थ्रीडीत. लक्ष्मीकांत बेर्डे नव्हते आणि ती पोकळी प्रत्येकाला जाणवली, पण बाहुला होता, दिलीप प्रभावळकरांचा आवाज होता, आणि 'ओम फट् स्वाहा'ला माझ्या आजूबाजूची पोरं ओरडली. यावर मी चार पानं लिहून आणलीत, ती प्रश्नोत्तरांत विचारा, सांगेन.

ज्या चौघांनी हात वर केले नाहीत... चुकलो, ज्या सगळ्यांनी केले नाहीत, त्यांनी घरी तिसरा भाग लावा. लावण्याआधी नावातला आकडा हाताने झाका. आणि शेवटी तो डॉक्टर फोनवर ओरडायला लागला की आवाज कमी करू नका.