कानातल्या खळग्यापासून मेंदूपर्यंत

श्रोतेहो, नमस्कार.

कानात काडी जरा आत गेली की काही जणांना एकदम खोकल्याची ढास लागते. खाज कानात आणि खोकला घशात, हे कसं? कानाच्या त्या भागाची खबर मेंदूला पोचवणारी जी नस आहे, तीच पुढं घशात, छातीत आणि पोटात पसरलेली आहे. तिचं नाव व्हेगस. लॅटिनमध्ये याचा अर्थ भटकी. आपल्या मराठी शास्त्रीय परिभाषेत तिला प्राणेशा म्हणतात. मला हे मराठी नाव जास्त भावतं, कारण श्वास, हृदय, आतडी, सगळ्यांशी तिचं नातं आहे. आत्ता मी बोलतोय तो आवाजही तिच्याच फांदीवर चालतो. ही डावी फांदी स्वरयंत्राच्या शेजारून खाली छातीत उतरते, महारोहिणीला वळसा घालते आणि मग परत वर येऊन स्वरयंत्राला मिळते.

आज या नसेविषयी बोलायचं कारण एक माउली. तासगावकडच्या. मुलगा इथं सांगलीत विश्रामबागला खोली घेऊन राहतो, अभ्यासिकेत बसून स्पर्धा परीक्षेची तयारी करतो. दोघं माझ्या दवाखान्यात आले. मुलानं मोबाइलवर एका यंत्राचं चित्र दाखवलं. कानाला लावायची वायर आणि हातात मावेल एवढी डबी, कानातून याच नसेला हलका विद्युतप्रवाह देणारी. आई म्हणाली, "डॉक्टर, ह्यानं म्हणं अभ्यासात लक्ष लागतंय, मोबाइलचा नाद सुटतोय. द्राक्षाचं पैसं आलंत आत्ताच. घ्यावं का?"

त्यांना मी जे सांगितलं, तेच आज जरा सविस्तर सांगतो.

हे खूळ नाही, हे आधी सांगायला हवं. गळ्याशी शस्त्रक्रिया करून डाव्या व्हेगसला तार गुंडाळायची आणि हसळीच्या हाडाखाली बसवलेल्या यंत्रानं तिला ठरावीक वेळानं हलका विद्युतप्रवाह द्यायचा, या उपचाराला अमेरिकेत 1997 साली अपस्मारासाठी, म्हणजे फिट्ससाठी, मान्यता मिळाली. 2005 साली औषधांना दाद न देणाऱ्या नैराश्यासाठीही मिळाली. प्रवाह सुरू झाला की काही रुग्णांचा आवाज घोगरा होतो. का, ते आता तुमच्या लक्षात आलं असेल.

गळ्यातल्या नसेला चाळवून मेंदूत फरक का पडावा? आपली समजूत अशी असते की मेंदू हुकूम सोडतो आणि शरीर ऐकतं. व्हेगसमध्ये बरंचसं उलट आहे. तिच्या शंभरातले सुमारे 80 तंतू खालची खबर वर नेतात. ती खबर मेंदूच्या बुडख्याशी पोचते आणि तिथून 'लोकस सेरुलियस' या इवल्याशा निळसर ठिपक्याकडे जाते. नॉरॲड्रिनलिन हे रसायन मेंदूभर पाठवणारं मुख्य ठाणं हेच. ते कमी पडलं की डुलकी येते, फार झालं की जीव कासावीस होतो, डोक्यात काही ठरत नाही. मधल्या पट्टीत मन जागं आणि स्थिर असतं.

मिरजेच्या तंतुवाद्यांच्या गल्लीत मी एका कारागिरांना तानपुऱ्याची जवारी लावताना पाहिलं आहे. घोडीवर तारेखाली ते सुताचा धागा सरकवतात. केसभर मागं, केसभर पुढं. एका जागी तार अशी गुंजते की खोली भरून जाते, आणि तिथून जरा सरकलं की तीच तार मुकी. 1999 साली प्रसिद्ध झालेला एक अभ्यास वाचताना मला तो धागा आठवला. हे यंत्र बसवलेल्या रुग्णांना उतारे वाचायला दिले, त्यातले काही शब्द ठळक केलेले होते. वाचून झाल्यावर व्हेगसला प्रवाह दिला आणि नंतर ते शब्द ओळखायला सांगितले. मध्यम प्रवाहानं शब्द जास्त ओळखता आले. प्रवाह वाढवल्यावर तो फायदा राहिला नाही.

आता कानाकडे येऊ. कानाच्या भोकाच्या वर, बोटाचं टोक टेकेल असा एक खळगा आहे. तिथल्या कातडीला व्हेगसची फांदी येते. म्हणजे चिरफाड न करता बाहेरून नसेपर्यंत पोचता येतं. प्रयोगांत बहुधा डाव्या कानाला, सेकंदाला 25 वेळा, मुंग्या आल्यासारखं वाटेल इतपतच सौम्य झटके देतात. डावा कान निवडतात तो खबरदारी म्हणून, कारण हृदयाच्या ठोक्यांची गती ठरवणाऱ्या केंद्राशी उजव्या व्हेगसचा संबंध जास्त.

पण मुंग्या आल्या की माणसाला वाटणारच, काहीतरी होतंय. म्हणून तुलनेसाठी दुसऱ्या गटाला तशाच मुंग्या कानाच्या पाळीवर देतात, कारण पाळीला व्हेगसची फांदी पोचत नाही. हे मी मुद्दाम सांगतोय. कान टोचल्यानं, कान धरून उठाबशा काढल्यानं व्हेगस जागी होते आणि बुद्धी वाढते, असे निरोप फोनवर फिरतात. ज्या पाळीचा त्यात गौरव चाललेला असतो, तीच पाळी शास्त्रज्ञांनी खोट्या उपचारासाठी निवडली आहे. आपल्या चालीरीती आपल्याला प्रिय आहेत, त्यांना असल्या आधाराची गरज नाही.

लक्ष आणि संयम मोजतात कसे? एका चाचणीत 'लाल' हा शब्द हिरव्या शाईत लिहिलेला असतो. शब्द वाचायचा नाही, शाईचा रंग सांगायचा. करून बघा, जीभ 'लाल' म्हणून मोकळी होते. दुसऱ्या चाचणीत खूण दिसली की बटण दाबायचं, पण मधेच थांबायची खूण आली तर निघालेला हात आवरायचा. विजय हजारे यांच्या जन्मगावाला हे वेगळं सांगायला नको. बॅट पुढं निघालेली असताना ऑफ स्टंपबाहेरचा चेंडू सोडून देणं म्हणजे हेच.

या चाचण्यांत कानातल्या प्रवाहाचा उपयोग होतो का? कधी होतो, कधी नाही. 2016 सालच्या एका अभ्यासात हात आवरण्यात सुधारणा दिसली, पण काम अवघड असताना, म्हणजे डोक्यात आणखी एक गोष्ट धरून ठेवावी लागत होती तेव्हाच. सोप्या कामात फरक नाही. 2021 साली निरनिराळ्या प्रयोगांचे निकाल एकत्र तपासले, तेव्हा एकूण फायदा दिसला, पण लहान. किती प्रवाह, किती वेळ, कामाच्या आधी की काम चालू असताना, यात प्रत्येक प्रयोगशाळेची पद्धत वेगळी, म्हणून निकालही एकमेकांशी जुळत नाहीत.

आणि हे प्रयोग बहुतेक तरुण, निरोगी विद्यार्थ्यांवर, तास-दोन तासांचे. बटण दाबायचा हात पापणी लवायच्या आत आवरणं वेगळं आणि रात्री साडेअकराला उशीखालचा मोबाइल न उचलणं वेगळं. पहिल्यावरून दुसऱ्याची हमी देणारी जाहिरात मला मान्य नाही. द्राक्षबागेत वर्षभर राबून आलेला पैसा त्यात घालू नका, असं मी त्या ताईंना स्पष्ट सांगितलं. पेसमेकर असलेल्यांनी, हृदयाचे ठोके मुळात मंद असणाऱ्यांनी आणि फिट्सचे उपचार चालू असणाऱ्यांनी तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय असलं यंत्र कानाला लावूच नये.

मुलाचा चेहरा उतरला. मी त्याला जवळ बसवलं आणि 1921 सालची गोष्ट सांगितली. ओटो लोवी या शास्त्रज्ञानं बेडकाच्या धडधडत्या हृदयाची व्हेगस चाळवली. हृदय मंदावलं. त्याभोवतीचा द्रव त्यानं दुसऱ्या हृदयाला दिला, तर तेही मंदावलं. नस रसायनातून बोलते, हे अशा रीतीनं सिद्ध झालं आणि 1936 साली त्याला नोबेल मिळालं. "ते रसायन आत्ता तुझ्या छातीतही काम करतंय," मी म्हणालो, "बोटानं कळेल तुला." त्याची तीन बोटं त्याच्याच मनगटावर ठेवली आणि सावकाश श्वास घ्यायला लावला. तीन-चार श्वासांनंतर तो म्हणाला, "सर, सोडताना नाडी हळू होतीय."

तुम्हीही आत्ता बघा. हातातलं काम बाजूला ठेवा. अंगठ्याच्या मुळाशी, मनगटावर, तीन बोटं अलगद टेकवा. नाडी सापडू द्या. आता नाकानं सावकाश श्वास घ्या, ठोके किंचित जवळ येतील. आता त्याहून सावकाश सोडा... सोडत राहा... दोन ठोक्यांमधलं अंतर वाढतंय, ते व्हेगस वाढवतेय.

नमस्कार.