लाकडी नौका आणि न कुजणारे साहित्य

मित्रहो,

लाकूड कुजते ते बुरशीमुळे, आणि बुरशी रुजायला लाकडात साधारण 28 ते 30 टक्के ओलावा लागतो. तो 20 टक्क्यांच्या खाली राहिला तर ती वाढू शकत नाही. समुद्राच्या खाऱ्या पाण्यापेक्षा पावसाचे साचलेले गोडे पाणी लाकडाला अधिक घातक, म्हणून कूज बहुधा डेकच्या कोपऱ्यांत आणि सांध्यांत सुरू होते. रेझिन (लाकडावर लावले की घट्ट होणारे चिकट द्रव्य), काचकापड (काचतंतूंचे कापड), फोम, प्लास्टिक हे स्वतः कुजत नाहीत. पण त्यांनी पाणी लाकडालगत कोंडून ठेवले, तर ते लाकूड उघड्या लाकडाच्याही आधी संपते. कोणतेही साहित्य निवडताना मी प्रथम हेच पाहतो.

आपल्याकडे होडीला ‘फायबर मारून’ घेतात, म्हणजे काचतंतू आणि रेझिनचा थर चढवतात, तेव्हा स्वस्त म्हणून पॉलिएस्टर रेझिन वापरण्याचा मोह होतो. हे रेझिन सुकताना आक्रसते आणि लाकडाला, विशेषतः तेलकट सागाला, नीट धरत नाही. कालांतराने थर सुटतो आणि त्या फटीत पाणी राहते. सांध्यांत कापूस ठोकलेल्या जुन्या होडीच्या फळ्या तर ऋतूप्रमाणे फुगतात आणि आटतात, त्यामुळे तिच्यावर कडक कवच चढवूच नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

नवी नौका चिकटवलेल्या लाकडी पट्ट्यांची किंवा मरीन प्लायची (जलरोधक गोंदाच्या प्लायवुडची) असेल, तर इपॉक्सी हे दुसरे रेझिन महाग असूनही तेच घ्यावे. अमेरिकेतील मिशिगनमधील नौकाबांधणी करणाऱ्या गूजन बंधूंनी 1969 पासून ही पद्धत रुजवली: कोरड्या लाकडाची प्रत्येक बाजू आणि प्रत्येक कड इपॉक्सीने बंद करायची, म्हणजे ओलावा आत शिरत नाही आणि लाकूड हलतही नाही. गोव्यात दिवाडीला रत्नाकर दांडेकर यांनी बांधलेल्या 56 फुटी ‘म्हादेई’चा गाभाही लाकडाचा आणि कवच काचतंतूंचे आहे, याच नौकेतून दिलीप दोंदे यांनी 2009-10 मध्ये एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली. इपॉक्सीसोबत विणलेले काचकापड घ्यावे, कारण सुट्या तंतूंच्या मॅटमधील बांधक द्रव्य बहुधा पॉलिएस्टरमधील स्टायरीननेच विरघळते. वर रंग हवाच. उन्हातील अतिनील किरण इपॉक्सीला खातात.

एचडीपीई या टणक प्लास्टिकला इपॉक्सी चिकटत नाही, म्हणून ते प्लास्टिक घासपट्टीपुरते (होडी जिथे घासते त्या कडेपुरते) आणि स्क्रूनेच बसवावे. तरंगण्यासाठी पोकळीत ओतायचा पॉलियुरेथेन फोम मात्र टाळावा: वर्षानुवर्षे तो पाणी शोषतो आणि लाकडाला वारा लागू देत नाही. त्याऐवजी काढून पाहता येतील असे बंद पेशींच्या (पाणी सहसा न शोषणाऱ्या) फोमचे ठोकळे ठेवावेत.

इंजिन पेलणारी मागची फळी काचतंतूयुक्त फोमबोर्डाची केली तर तिथली कूज टळते. प्लायची असेल तर प्रत्येक बोल्टचे छिद्र मोठे पाडून, इपॉक्सीने भरून, त्यातच पुन्हा छिद्र पाडावे, म्हणजे पाणी प्लायपर्यंत पोहोचत नाही.