रडणारी बाई, टोपी घातलेली

(दृश्य : समाजमंदिराची भिंत. खिळ्यांना ताणून बांधलेलं फ्लेक्स.)

निवेदन :

पाब्लो पिकासोची ‘रडणारी बाई’, १९३७. मूळ चित्र लंडनच्या टेट संग्रहालयात, उंचीला जेमतेम दोन फूट. इथं यवतमाळ जिल्ह्यातल्या एका गावात ते फ्लेक्सवर चांगलं मोठं करून लावलंय. वेचणीवरून परतलेल्या बायका समोर बसल्यात.

“तोंड बाजूनं अन् डोये दोन्ही समोरून. असं कुठं असते काय?”

हरकत रास्त आहे. एकाच चेहऱ्याच्या अनेक बाजू एकदम दाखवायच्या, ही क्युबिझमची रीत. पण एवढ्यानं ही बाई कळत नाही.

एक आजी पुढं येतात. “रुमाल कोंबला ना वं थिनं तोंडात. मोठ्यानं रडता येत नसन.”

बघा, पिवळ्या-हिरव्या चेहऱ्याचा रंग नेमका तिथंच उडालाय. दात, बोटं, रुमाल सगळं पांढरं-निळं. कुठली रेघ कशाची, सांगता येत नाही. वर मात्र लाल टोपी, निळं फूल, केस नीट विंचरलेले.

“नटूनथटून कुठं चालली होती?”

या प्रश्नाला चित्रात उत्तर नाही. पण २६ एप्रिल १९३७ ला, सोमवारी, स्पेनमधल्या गेर्निका गावावर जर्मन आणि इटालियन विमानांनी बॉम्ब टाकले, तो तिथला बाजाराचा दिवस होता. पिकासोनं त्यावर ‘गेर्निका’ हे भिंतभर चित्र केलं. त्यात मेलेलं लेकरू घेऊन आक्रोश करणारी आई आहे. रडणाऱ्या बायका तो पुढं कितीतरी दिवस काढत राहिला. ही ऑक्टोबरातली.

या चित्रासाठी समोर होती डोरा मार, पिकासोची तेव्हाची प्रेयसी.

विदर्भात कॅमेरा आला की नवऱ्याची तसबीर मांडीवर देऊन बाईला बसवतात. आम्हीही बसवलंय. ती बोलते सातबाऱ्यावर, सावकारावर, कापसाच्या भावावर. छापून येतात डोळे. डोराचंही तसंच झालं. ती स्वतः फोटोग्राफर. बार्सिलोना, लंडनच्या रस्त्यांवरची माणसं तिनं टिपली होती. ‘गेर्निका’ रंगत असताना टप्प्याटप्प्याचे फोटो काढणारीही तीच. जगाच्या लक्षात राहिली ती रडणारी.

“मंग थिनं थ्याचा फोटो काढला का नाही?”

काढला. बरेच काढले.

“दाखवा मंग. थो कसा दिसते ते पाहू.”